एकबारी बापूंच्या पाच पुड्या

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, आणि त्यातला बराचसा सुवाच्य अक्षरात, समास सोडून केला. पण एक असा आहे की तो आठवला की घरात एकटी असले तरी मी तोंडाला पदर लावते. मी एका माणसाच्या बंदुकीच्या दारूच्या पाच पुड्या सोडल्या, शाळेच्या तराजूवर तोलल्या, आणि पाचही अगदी सारख्या करून पुन्हा बांधून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारा माणूस, हात कापत असेल, कमीजास्त भरलं गेलं असेल, आपण जरा नीट करून द्यावं. आणि मी विज्ञानाची शिक्षिका होते हो. बी.एस्सी., बी.एड.

तो माणूस म्हणजे एकबारी बापू. हिमायतनगरहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात माझी बदली झाली, तेव्हा मी त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. नवरा नोकरीला लातूरला, लेक सासूबाईंकडे, आणि मी इथे स्टोव्ह, दोन पातेली आणि पाठ्यपुस्तकं घेऊन. पहिल्याच दिवशी खोलीत शिरताना मी वर बघितलं, तर आतल्या दाराच्या चौकटीवर आडवी बंदूक. लांबलचक, काळी, आणि नळी एवढी रुंद की माझा अंगठा सहज आत गेला असता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तू शिकवायला गेलीस का शिकारीला? घरात बुद्धाची मूर्ती ठेव आधी." मी मूर्ती ठेवली. बंदुकीच्या बरोबर समोर. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मी मधे भात शिजवत राहिले.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिच्यात काडतूस नसतं. तोंडाकडून दारू ओतायची, वर बोळा, मग फडक्यात गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि हे सगळं गजाने ठासत ठासत तळाशी न्यायचं. मागे एक छोटी तांब्याची टोपी बसवायची, घोडा तिच्यावर पडला की बार होतो. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तेवढ्यात जनावर पुढच्या गावात पोचतं, नाहीतर आपल्या अंगावर. म्हणून बापू एकच बार काढायचे आणि त्यातच काय ते करायचे. गावाने नाव ठेवलं एकबारी. परवाना पीक राखण्याचा, बापूंच्या वडिलांपासून चालत आलेला. बापूंना त्या नावाचा राग नव्हता. उलट कुणी नवं माणूस विचारायचं, "बापू, दुसरा बार का नाही काढत?" तर ते म्हणायचे, "पहिला कशाला असतो मग?"

बापूंचं सगळं आयुष्य एका वाक्यावर चालायचं. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची." बंदुकीपुरतं असतं तर समजलं असतं, पण हे चहालासुद्धा लागू होतं. चहा फिका झाला तर आज फक्त पत्ती वाढवायची. साखरेला हात लावायचा नाही. उद्या पत्ती तेवढीच ठेवून साखर. परवा दूध. त्यांची बायको, आम्ही सगळे काकू म्हणायचो, कपाळावर हात मारून म्हणायच्या, "ह्यायच्या चहाला चांगला व्हायला आठ दिस लागतेत बाई. तवर दूध बदलतं, म्हैस आटती." बापू शांतपणे फुर्रकन घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "पण मंग कळतं ना, काय चुकलं होतं ते."

मला हा माणूस समजायचा नाही. वाटायचं, हट्टी आहे. मी नुकताच नववीला प्रयोगाचा धडा शिकवला होता, त्यात हेच लिहिलं होतं, आणि मी ते खडूने फळ्यावर लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. तरी अंगणात चहाच्या कपासमोर बसलेला तोच धडा मला ओळखू आला नाही. शिकलेल्या माणसाचं हे असंच होतं, किंवा निदान माझं तरी झालं.

त्या वर्षी रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. जंगलाला लागून गंगाबाईंचा मका होता. एकटी बाई, दोन एकर, आणि कणसं दुधात आलेली. एका पहाटे जाऊन बघतात तर चार ओळी झोपवलेल्या. रोज थोडं थोडं खाऊन जायची डुकरं, जणू हप्ता बांधला होता. गंगाबाईंनी अर्ज केला, वनखात्याने पाहणी केली, आणि बापूंच्या नावाने डुक्कर मारायची लेखी परवानगी निघाली. पंधरा दिवसांची. त्यानंतर ती संपणार, पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी, आणि तोवर मक्याची धाटं उरणार.

परवानगी मिळाली त्या दिवशी गावाला वाटलं, आज रात्री बापू मचाणावर. बापू गेले नाल्यावर, एक पोतं आणि फावडं घेऊन. पोत्यात ओली चिकणमाती ठासून भरली, नाल्याच्या काठाला टेकवून उभं केलं, साठ पावलं मोजली, आणि बसले बार काढत. एक बार. मग उठून पोत्यापर्यंत चालत. भोकात जोंधळ्याची वाळलेली काडी घालून गोळी किती आत गेली ते बघायचं, तिथे काडी तोडायची, काडीला त्या बाराच्या पुडीचा रंगीत धागा बांधायचा आणि ती डोक्यावरच्या टोपीत खोचायची. मग परत साठ पावलं. दिवसाला चारपाच बार, जास्त नाही.

चार दिवस फक्त फडक्यावर गेले. गोळी ज्या फडक्यात गुंडाळायची ते कुठलं असावं, हा प्रश्न. धोतर, पोतं, शाळेच्या गणवेशाचं कापड, सगळं करून झालं. शेवटी पसंतीला उतरलं काकूंचं जुनं सुती लुगडं, करडईचं तेल आणि मेण लावून. काकू ओट्यावरून ओरडल्या, "माझ्या लुगड्यावर डुकराचा हक्क हाय का ओ?" बापू म्हणाले, "तुझ्याच लुगड्यानं गोळी सरळ जाऊन राहिली, त्याला मी काय करू." काकूंना ते आवडलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दुसऱ्या दिवशी तेच लुगडं धुऊन, वाळवून, चौकोनी कातरून ठेवलेलं मी पाहिलं.

गंगाबाईंना मात्र काही आवडलं नाही. त्या बांधावरून सरळ अंगणात आल्या. "बापू, डुकरं मका खाऊन ढेकर दिल्यावर बार काढताव का?"

बापू काड्या मोजत होते. "गंगाबाई, मका पुढल्या साली येतो. पाय येत न्हाई."

गंगाबाई आल्या तशा बांधावरून परत गेल्या. मला काहीच कळलं नाही. संध्याकाळी काकूंनी सांगितलं. मी तोवर समजत होते की काकू जन्मापासून लंगडतात. तसं नव्हतं. लग्नानंतर दोन वर्षांनी बापूंनी असाच पिकावर बार काढला होता. दारू कमी पडली, की दमट होती, कुणास ठाऊक. गोळी लागली पण आत गेली नाही. जखमी डुक्कर सरळ धाटातून बाहेर आलं, आणि बाहेर बांधावर काकू भाकरी घेऊन उभ्या होत्या. "मांडीचं हाड दिसत होतं बाई," त्या म्हणाल्या, आणि मग जणू भाजीबद्दल बोलावं तसं, "त्या दिवसापासून ह्यायनं अंदाजानं बार काढला न्हाई."

तेव्हा मला कळलं की त्या काड्या कशाच्या आहेत. कमी दारूने डुक्कर जखमी होतं. जास्त दारूने बंदूक खांद्याला धक्का देते, नेम सुटतो, आणि पुन्हा जखमीच. मधे कुठेतरी एक माप असतं, त्या बंदुकीचं, त्या दारूचं, त्या फडक्याचं. बापू ते माप शोधत होते. मला इतकं भरून आलं की आपणही काहीतरी मदत करावी असं वाटलं. आणि इथे वाचकांनी सावध व्हावं. मला मदत करावीशी वाटली की काहीतरी बिघडतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

झालं असं की शाळेतला दोन पारड्यांचा तराजू मी दुरुस्त करून आणला होता, आणि तो बरोबर तोलतो का ते बघायला हाताशी काही हवं होतं. बापू वनखात्याच्या कचेरीत गेले होते, काकू दळायला. कोनाड्यात पाच पुड्या ओळीने ठेवलेल्या, पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, काळा धागा बांधून. मी सहज दोन ठेवून पाहिल्या. पारडं कललं. तिसरी ठेवली, पुन्हा कललं. बिचारे बापू! डोळे आता साथ देत नसणार. मी चूल विझल्याची खात्री केली, एवढीच काय ती अक्कल, आणि पाचही पुड्या सोडून एकीतलं चिमूटभर दुसरीत, दुसरीतलं तिसरीत, असं करत काटा मधोमध आणला. मग ज्याचा त्याला धागा बांधला. इतकी सुबक पुडी वाण्यालाही जमली नसती. सांगायचं नाही असं ठरवलं. बापूंचा नेम सुधारला की मग हळूच म्हणू, बघा, शास्त्राचा उपयोग!

दुसऱ्या दिवशी दुपारी बापू नाल्यावरून आले ते टोपी हातात घेऊन. टोपीत पाच काड्या. त्यांनी त्या ओट्यावर मांडल्या, पाचही धागे लावलेल्या, पाचही एका लांबीच्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर पट्टीने कापल्यासारख्या.

माझी छाती फुगली. मी म्हणणारच होते, "बघा बापू, माप सारखं असलं की..." तोंड उघडलंही होतं.

"काय समजून न्हाई राहिलं बाई," बापू म्हणाले. "पाची निराळ्या होत्या. मुद्दाम. पांढऱ्यात सगळ्यात कमी, काळ्यात सगळ्यात जास्त. चिमटी चिमटीनं वाढवत नेलं होतं. अन् पाची एकाच जागी थांबल्या?"

मी तोंड मिटलं. ते तसंच मिटलेलं राहिलं, पाच दिवस.

त्या पाच दिवसांबद्दल लिहायचं तर मला स्वतःचा कान धरावासा वाटतो. बापूंनी बंदूक उतरवून सगळे भाग वेगळे केले. नळी गरम पाण्याने धुतली, उन्हात धरून आरपार पाहिली. काही नाही. घोडा तपासला, टोप्या तपासल्या. दारू तळहातावर घेऊन वास घेतला. गावातले लोक येऊन आपापली मतं ठेवून गेले. एक म्हणाला, माती सारखी नसेल. एक म्हणाला, नजर लागली. एकाने तर नाल्याच्या त्या वळणावर गोळी दमते असं छातीठोक सांगितलं. आणि मी? मी हवेतल्या बाष्पावर बोलले. अंगणात खडूने आकृती काढली, बाण दाखवले, दाब आणि तापमान असे शब्द वापरले. लोक माना डोलवत होते. बापू एकटेच माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात संशय होता की आदर, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी बापू हिमायतनगरला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टरने सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत. त्याने तर बापू जास्तच खचले. डोळे ठीक, बंदूक ठीक, दारू ठीक. मग उरलं कोण? ते ओट्यावर बसून आपल्या हातांकडे बघायला लागले. उलटे करून, सुलटे करून. जेवताना घास हातात तसाच राहायचा. चहा फिका झाला तरी काही बोलले नाहीत. काकूंनी मुद्दाम पत्ती आणि साखर दोन्ही एकदम वाढवून पाहिली. बापूंनी तो चहा मुकाट्याने पिऊन टाकला. काकू माझ्या खोलीत आल्या आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता म्हणाल्या, "बाई, ह्यायला काही झालं तर न्हाई ना?"

तेव्हाही मी बोलले नाही. का, ते विचाराल तर सांगते. मी त्या गावात "बाई" होते. लोक माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायचे, भांडणात मला पंच करायचे, लेकराला ताप आला तरी आधी मला विचारायचे. एवढ्या मोठ्या बाईने गाढवपणा केला हे सांगायला जीभच वळेना. मी रात्री बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून मनातल्या मनात बापूंची क्षमा मागायचे. बापू तेव्हा भिंतीच्या पलीकडे दहा पावलांवर असायचे. पण मूर्ती सोयीची. ती उलट काही विचारत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बापू कोरा कागद घेऊन आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, टोपीत काड्या नाहीत. खाली बसले.

"बाई, एक अर्ज लिहून द्या. बंदूक जमा करायची हाय."

"आणि गंगाबाईंचा मका?"

"दुसरा परवानेवाला बघतील कुणी. मला आता माझाच भरवसा न्हाई. अंदाजानं बार काढायचा न्हाई मला. एकदा काढला होता." आत काकूंचं भांड्यांचं वाजणं थांबलं.

मी लिहायला घेतलं. मायना झाला, विषय झाला. "मी खाली सही करणार विनंती करतो की, वयोमानामुळे माझ्या हातावर व नजरेवर भरवसा राहिला नसल्याने" इथपर्यंत माझं अक्षर अतिशय सुंदर आलं. काना, मात्रा, सगळं जिथल्या तिथं. आणि मग पेन पुढे जाईना. मी त्या सुंदर अक्षराकडे बघत राहिले. एका चांगल्या माणसाच्या नावाने मी माझं खोटं सुवाच्य लिहीत होते.

"बापू," मी म्हणाले, "पुड्या मी सारख्या केल्या."

ते कागदाकडेच बघत होते. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी मोठ्याने म्हणाले. मग सगळंच सांगितलं. तराजू, पारडं, चिमूट चिमूट, धागे. सांगताना रडायला आलं आणि रडताना शिंका आल्या, असं सगळं एकदम झालं. बापू माझ्याकडे बघत होते. एका माणसाचा चेहरा पाच दिवस दुमडून ठेवलेल्या कापडासारखा हळूहळू उलगडतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पण तो हसरा झाला असं काही नाही. नुसता उलगडला.

हसल्या त्या काकू. दारात येऊन, लंगडा पाय उंबऱ्याला टेकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अवो बाई, शाळेतल्या लेकरायचे मार्क बी असेच सारखे करताव का?"

बापूंनी माझ्यापुढचा अर्धा अर्ज उचलला. मला वाटलं फाडणार. त्यांनी तो नीट घडी घालून नखाने दाबला, त्याचे सारखे चौकोन केले, आणि आतून दारू साठवायचं पोकळ शिंग आणून त्या चौकोनांत नव्या पुड्या बांधायला बसले. एका पुडीवर माझं "भरवसा" आलं, एकीवर "वयोमानामुळे". माप म्हणजे बांबूचं एक पेर होतं, आतून घासून गुळगुळीत केलेलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "धरा. हलवू नका." बास, एवढंच बोलले. रागावले की नाही, माफ केलं की नाही, काही नाही.

दारू मात्र फारच थोडी उरली होती. परवान्यावर मिळालेली बहुतेक नाल्याच्या काठात गेली होती, आणि त्यातल्या पाच बारांचा हिशेब माझ्या डोक्यावर होता. चार बारांची उरली. "तीन बघायला, एक डुकराला," बापू म्हणाले. दुसऱ्यांदा बंदूक भरायची म्हटली तरी भरायला काही राहणार नव्हतं. त्या दिवशी मी नाल्यावर गेले. पहिला बार झाला तेव्हा मी दोन्ही कान धरून खाली बसले, आणि पांढऱ्या धुराच्या ढगात बापू दिसेनासे झाले. पहिली काडी माझ्या वितीएवढीही नव्हती. दुसरी बोटभर जास्त. तिसरी आणखी लांब, पण भोक पोत्याच्या काठावर. तीन काड्या, तिन्ही निरनिराळ्या. बापूंनी त्या हातावर ठेवल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद कधीच पाहिला नव्हता, आणि तोही तीन तुटक्या काड्यांसाठी. मग मधल्या काडीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही."

परवानगी संपायला एक दिवस होता. तांबडं फुटायच्या बेताला बापू वनरक्षकाबरोबर मक्याकडे गेले. काकू आणि मी ओट्यावर. काकूंनी तो पाय लांब केला होता आणि मांडीवरून हात फिरवत होत्या. बराच वेळ नुसते पक्षी ओरडत होते. मग बार झाला. एकच. आवाज टेकडीवर जाऊन परत आला.

"दुसरा न्हाई व्हायचा," काकू म्हणाल्या. "हायच कुठं दुसरा."

मी जमिनीकडे बघत बसले. आता काही ऐकू आलं असतं तर ते ओरडणंच असतं. माझ्या पाच पुड्यांनी ह्या माणसाची दुसरी संधी खाल्ली होती. मी आयुष्यात कुठल्या निकालाची एवढी वाट पाहिली नाही, स्वतःच्या बी.एस्सी.च्यासुद्धा नाही. काकू काहीतरी पुटपुटत होत्या. बांधावर प्रथम टोपी दिसली, मग खांद्यावर आडवी नळी, मग बापू. नेहमीच्याच चालीने. काकूंनी लुगडं झटकलं, उठल्या, आत जाऊन चहा ठेवला.

डुक्कर त्या एका बारात जागच्या जागी मेलं होतं. पंचनामा झाला, खड्डा खणून पुरलं. पुन्हा त्या मक्यात कुणी फिरकलं नाही. गंगाबाईंनी पाटीभर कणसं पाठवली, आणि पाटीवर निरोप, "बाईला बी द्या, तिनं तराजू सांभाळावा म्हणावं." म्हणजे गावभर झालं होतं. बापूंनी त्या दिवशी नळी गरम पाण्याने धुतली, तेल दिलं, आणि जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "जनावर हाय ते बी. भूक त्याला बी होती." मी माझ्या खोलीत येऊन मूर्तीकडे पाहिलं आणि मग दोन कणसं भाजून खाल्ली. ह्यातलं काय बरोबर आणि काय चूक, हे मला तेव्हाही नीट लागलं नाही आणि आता गुडघ्यांबरोबर डोकंही कुरकुरतं, तेव्हा लागायची आशा नाही.

पुढे वीस वर्षं मी नववीला तो धडा शिकवला. फळ्यावर रेघा मारणं सोडलं. वर्गात पाच पुड्या घेऊन जायचे, साखरेच्या, पाच रंगांचे धागे बांधलेल्या, आणि मुलांना सांगायचे, एका बाईने काय केलं ते ओळखा. मुलं ओळखायची आणि त्या बाईला पोट धरून हसायची. ती बाई कोण, ते कधी सांगितलं नाही. परवा नातीला चहा शिकवत होते. ती म्हणाली, "आजी, पत्ती नि साखर दोन्ही टाक ना एकदम, काय होतंय?" मी तिचा हात धरला तेव्हा तिला वाटलं मला चक्कर आली.

बापू जाऊन आता सात-आठ वर्षं झाली. काकूंनी फोन केला होता. बंदूक ठाण्यात जमा केली म्हणाल्या, अर्ज दुसऱ्या कुणीतरी लिहून दिला, अक्षर काही खास नव्हतं. लुगड्याचे कातरलेले चौकोन मात्र अजून डब्यात आहेत. कशाला ठेवलेत विचारलं तर म्हणाल्या, "असू द्या की, खायला मागतेत का?"

पण बापूंनी मला माफ केलं होतं का, हा प्रश्न माझ्या मनात राहिला असता, जर माझी बदली मुरुडला झाली नसती. मी निघाले त्या दिवशी ते हिमायतनगरच्या स्टँडवर सोडायला आले. माझी ट्रंक त्यांनीच टपावर चढवून घेतली. गाडी सुटायची वेळ झाली. मग खिडकीशी येऊन त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. हळदीच्या पाच पुड्या, घरच्या हळदीच्या, पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, काळा धागा बांधलेल्या. एक अगदी चिमणी, शेवटची चांगली मुठीएवढी. कंडक्टरने घंटी मारली. बापूंनी एक हात खिडकीच्या गजावर ठेवला होता, तो काढता काढता ते म्हणाले,

"लहान-मोठ्या हायेत, मुद्दाम. सारख्या करू नका बाई. अन् केल्याच, तर त्याच दिशी सांगत जा. पुड्यायचं काही न्हाई हो. पण तुमी गप बसलाव ते पाच दिस मी लई म्हातारा झालो होतो."